उजनीकाठच्या गावानं थंडी-वाऱ्याची तयारी कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात उन्हाशी कसं वागायचं हे पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. थंडीचं तसं नाही. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15-16 अंशांच्या आसपास असतो. उत्तरेचा कोरडा वारा सुटून तो एकदम 9-10 वर आला की घरात पांघरुणं पुरत नाहीत आणि गोठे उघडेच असतात. त्यात करमाळा-माढ्याकडे उजनीच्या मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा अडवायला मध्ये काहीच नाही.

आधी अंदाज बघा. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी घसरलं, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. समुद्रकिनारी हीच मर्यादा 15 अंशांची आहे. आपण पाण्याकाठचे असलो तरी मोजमाप मैदानातलंच. आकड्यासोबत वाऱ्याचा वेगही वाचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाट जास्त गारठते, ढग आले की थंडी मोडते. अंदाज आला की एकानं तो गावच्या ग्रुपवर टाकावा आणि देवळाच्या भोंग्यावरूनही सांगावा. म्हाताऱ्या माणसांच्या हातात मोबाइल असतोच असं नाही.

मग होड्या. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. ते उन्हाळी वादळ होतं. हिवाळ्यातला वारा असा अचानक येत नाही, पण तासन्‌तास वाहतो आणि धरण तेव्हा भरलेलं असतं, म्हणून लाट लांबून जोर घेत येते. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला म्हणजे वारा ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. तेव्हा जाळी आणायलाही जाऊ नका, चिलापी उद्याही मिळेल. होडी वर ओढून दोन्ही टोकांना बांधा. लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगात पाहिजे. कोणी भिजून आला तर ओले कपडे आधी काढा, छाती-पोट घोंगडीत गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. 'अंग तापेल' म्हणून दारू मुळीच देऊ नका, तिनं अंगातली ऊब उलट लवकर जाते. जीभ अडखळत असेल तर 108 ला फोन करा.

शेकोटीचं सगळ्यात जपून. थंडीनं जितकी माणसं दगावतात, त्यात बंद खोलीतल्या शेगडीचाही वाटा असतो. कोळसा धुमसताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून झोपण्याआधी शेगडी दाराबाहेर न्यायची, विझत आली असली तरी.

ऊसतोड कामगारांच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, काळजी याहून मोठी आहे. पाचटाची भिंत, आत चूल आणि बाहेर वारा. टोळीच्या मुकादमाला गाठून चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडायला सांगा आणि शेजारी पाण्याचं पिंप भरून ठेवा. त्या कोप्यांत लहान लेकरं असतात, गावातली जादा चादर-घोंगडी आधी तिकडे गेली पाहिजे.

पत्रे आणि गोठा. पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. जोराच्या वाऱ्यात पत्रा उचलला की तोच दगड डोक्यात येतो. त्याऐवजी हुक कसून घ्या. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट लावा, पण छताखालची फट मोकळी ठेवा, नाहीतर मुताच्या वाफेनं जनावरं खोकतात. खाली कोरडं पाचट टाका, करडांना आधी.

रात्रीची मोटार. वीज रात्रीच्या पाळीत आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं. एकट्यानं जाऊ नका, कोरडे मोजे पिशवीत असू द्या.

केळी. कंदर-वांगीच्या पट्ट्यात थंडीचा धसका मोठा असतो. 16 अंशांखाली केळीची वाढ मंदावते. संध्याकाळी विहिरीचं पाणी द्या, ते हवेपेक्षा कोमट असतं. घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, चढवा. वारा अडवायला शेवरीची किंवा गजराज गवताची कड मात्र आज लावून आज कामाला येत नाही, ती पावसाळ्यातच धरावी लागते.