खेळणे पालकांच्या हातात द्यावे

तीन वर्षांखालील मुलांच्या घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन करणाऱ्यांच्या हातून एक चूक हमखास होते. मूल समोर दिसले की कार्यकर्ती पिशवीतून ठोकळे काढते, मुलाला जवळ ओढते आणि स्वतःच खेळू लागते. आई किंवा वडील बाजूला बसून कौतुकाने पाहत राहतात. मूल तेवढा वेळ रमते हे खरे, पण ती निघून गेल्यावर घरात एकच समजूत मागे उरते, की हे काम शिकलेल्या माणसांचे आहे आणि आपल्याला काही ते जमणार नाही. भेटीचा हेतू नेमका याच्या उलट असतो. म्हणून पहिला नियम असा, की खेळणे आधी पालकांच्या हातात जावे आणि मुलाकडे त्यांच्याकडूनच पोहोचावे.

या पद्धतीला भक्कम आधार आहे. जमैकामध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील काही कुटुंबांकडे सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे, दर आठवड्याला सुमारे तासभर जात आणि साध्या, घरगुती खेळण्यांच्या मदतीने मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवत. सुमारे वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या होत्या, त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. केवळ पूरक आहार मिळालेल्या गटात कमाईवर असा परिणाम दिसला नाही. त्या कार्यकर्त्या काही बालमानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या भेटीत शिकवण्याची घाई करू नये. पालक आणि मूल एकमेकांशी कसे वागतात ते शांतपणे पाहावे आणि जे आधीपासून चांगले चालले आहे ते नेमक्या शब्दांत सांगावे. ‘तुम्ही छान आई आहात’ या वाक्याने ऐकणारीला बरे वाटते, पण उद्या काय करायचे ते त्यातून कळत नाही. त्याऐवजी ‘बाळाने दिव्याकडे पाहिले तेव्हा तुम्हीही तिकडे पाहिलेत आणि दिव्याचे नाव घेतलेत, म्हणून ते पुन्हा तुमच्याकडे वळले’ असे म्हटले, तर आपण नकळत काय केले हे त्या आईला समजते आणि ती ते जाणूनबुजून पुन्हा करू लागते. अशी देवाणघेवाण, म्हणजे मुलाने हाक, हुंकार किंवा नजरेने सुरुवात करायची आणि मोठ्याने त्याला उत्तर द्यायचे, हाच या वयातील शिकण्याचा गाभा आहे.

कृती दाखवताना ती एकदाच आणि थोडक्यात दाखवावी, मग वस्तू पालकांकडे द्यावी आणि स्वतः गप्प बसावे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड असते. आईने ठोकळा उलटा ठेवला, बाबांनी मुलाच्या आधीच उत्तर देऊन टाकले, तरी लगेच हात पुढे करू नये. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचे, एवढी एकच गोष्ट पालकांना जमली तरी पुष्कळ झाले, कारण लहान मुलाला ऐकलेले समजून घेऊन उत्तर द्यायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. एका भेटीत एकच नवी गोष्ट पुरेशी आहे. पाच सांगितल्या तर एकही टिकत नाही.

नव्या गोष्टीची सांगड रोजच्या कामाशी घालावी. दमून घरी आलेल्या पालकांना ‘रोज अर्धा तास शैक्षणिक खेळ घ्या’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या अपराधीपणात भर घालणे होय. अंघोळ घालताना अवयवांची नावे घेणे, कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या मुलाकडून लावून घेणे, डब्यावर झाकण बसते का ते त्यालाच करून पाहू देणे, यांसाठी वेगळा वेळ लागत नाही. चित्रांचे पुस्तक असेल तर ते शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे असे नाही. ‘हे काय करतंय?’, ‘आता कुठे जाईल?’ असे विचारत एकाच पानावर रेंगाळले तरी चालते. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांना हे आवर्जून सांगावे. तसेच त्यांनी स्वतःच्या घरच्या भाषेतच मुलाशी बोलावे. मोडक्यातोडक्या परक्या भाषेचा अट्टहास केला, की बोलणेच आटते.

मोबाइलचा विषय निघतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, एक वर्षाच्या मुलांसाठीही ते योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे, तीही जितकी कमी तितके बरे. हे सांगताना मात्र पालक मोबाइल कोणत्या वेळी देतात ते आधी विचारावे, कारण बहुधा त्या वेळी त्यांचे हात दुसऱ्या कामात अडकलेले असतात आणि पर्यायही त्याच वेळेसाठी शोधावा लागतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही या बोलण्यात घ्यावे.

मूल १२ महिन्यांचे होऊनही बोट दाखवणे, टाटा करणे असे हावभाव करत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ असा दिलासा देऊ नये. तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवावे.

पुढच्या भेटीची सुरुवात ‘सांगितलेले केलेत का?’ या प्रश्नाने करू नये, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा संकोचाने ‘हो’ असेच येते. ‘या आठवड्यात बाळाने नवीन काय केले?’ असे विचारावे आणि आई-बाबा सांगू लागले की वहीत त्यांचेच शब्द टिपून घ्यावेत.