पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) : पहिल्या चोवीस तासांत या चुका टाळा

लैंगिक अत्याचाराबद्दल लेकराने तोंड उघडलं की मोठी माणसं पोलिसांकडे जायचं सोडून बैठक बसवतात. सरपंच, भावकीतले दोघे, शाळेचे संस्थाचालक. ‘पोरीचं लग्न व्हायचंय, गावाची अब्रू जाईल’ म्हणत शेवटी स्टँपपेपरवर सह्या होतात. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. तडजोडीच्या जोरावर रद्द केलेला पॉक्सोचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा उभा केला. उलट, माहीत असून न कळवणाऱ्यालाच कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत.

शाळेची ‘अंतर्गत चौकशी’ तर त्याहून घातक. चार शिक्षक पोरीला आळीपाळीने विचारतात, जबाब लिहून घेतात, आरोपी बाहेर व्हरांड्यात उभा असतो. पोलिसांत जाईपर्यंत पंधरा दिवस उलटतात. चार जबाबांत चार ठिकाणी फरक पडतो आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके तेच फरक वाचून दाखवतो. सत्य शोधणं तुमचं काम नाही. संशय आला तरी कळवणं एवढंच तुमचं काम. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत उतरवा आणि 1098 किंवा 112 लावा. ‘अजून काय झालं, नीट सांग’ असं खोदू नका. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी, साध्या कपड्यांत येऊन घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

अंघोळ घालून, कपडे धुऊन मग दवाखाना गाठणारे आईबाप रोज दिसतात. मायेपोटी करतात, पण पुरावा पाण्यात जातो. कपडे धुऊ नका, ओले असतील तर सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी धरते. ‘आधी एफआयआर आणा’ असं दवाखान्याला म्हणता येत नाही. कलम 27 प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधीही तपासणी होते, मुलीची महिला डॉक्टरकडूनच. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका.

घटना ऊसतोडीला गेल्यावर परजिल्ह्यात घडली म्हणून बीड-परभणीचं ठाणं परत पाठवू शकत नाही; झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा तिथेच नोंदवायला लावा.

‘लग्न लावून दिलंय’ ही सबब चालत नाही. अठराखालील बायकोशी नवऱ्याचा शरीरसंबंधही बलात्कारच, हे 2017 पासून स्पष्ट आहे.

मुलग्यांनाही हाच कायदा आहे.

मुलाचं नाव, फोटो, शाळा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, सहानुभूती म्हणूनसुद्धा नाही.

पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, ते विचारा. समितीकडे आधार व्यक्ती (खटला संपेपर्यंत मुलाला सोबत करणारं माणूस) लेखी मागा आणि मनोधैर्य योजनेसाठी (पीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत) जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. निकालापर्यंत थांबायची गरज नाही.