वित्त विषयाची प्राध्यापकी आणि त्यापुढचे अधिष्ठातापद

विद्यापीठात वित्त विषय शिकवावा आणि पुढेमागे विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता व्हावे, असे ज्याच्या मनात असेल त्याने एक क्रम आधीच पक्का करावा : संशोधन अगोदर, पद नंतर. ज्याच्या स्वतःच्या लेखनाचा पाया भरलेला नाही, त्याने सहकाऱ्यांच्या लेखनाचे मूल्यमापन करावे, हे विभागाला सहसा रुचत नाही.

पीएच.डी.साठी साधारणपणे पाच ते सहा वर्षे धरावीत. सुरुवातीच्या काळात सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण, यांची बैठक पक्की करून घ्यावी. मार्गदर्शक निवडताना त्याच्या नावलौकिकाबरोबरच तो मसुदा वाचून किती दिवसांत परत देतो, याचीही चौकशी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे करावी.

आकडेवारीवर आंधळा विश्वास ठेवू नये. शिकागो विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या सीआरएसपी या केंद्राची अमेरिकी शेअरभावांची माहिती जगभर वापरली जाते. पण डबघाईला येऊन बाजाराच्या यादीतून वगळल्या गेलेल्या कंपन्यांचा अखेरचा परतावा तीत बहुतेक वेळा नोंदलेलाच नव्हता, हे टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. अशा कंपन्या हिशेबातून निसटल्या की लहान कंपन्यांचा परतावा आहे त्याहून चांगला दिसतो. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी माहितीसंचात कोण नाही, हे तपासावे.

जर्नल ऑफ फायनान्ससारख्या नियतकालिकांकडे पाठवलेले बहुतेक निबंध साभार परत येतात. ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या, किमतीविषयीचा ब्लॅक आणि शोल्स यांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी दोन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि अखेर तो छापला तोही त्यांपैकीच एकाने. समीक्षकाच्या प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर द्यावे. आक्षेप चुकीचा वाटला, तर आपले वाक्य कुठे संदिग्ध राहिले ते आधी पाहावे.

टेन्युअरची पद्धत असलेल्या विद्यापीठांत बहुधा सहाव्या वर्षाच्या सुमारास कायम नियुक्तीचा निर्णय होतो आणि त्यात बाहेरच्या तज्ज्ञांच्या अभिप्रायपत्रांना मोठे वजन असते. ही पत्रे आपल्याला मागता येत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षे परिषदांत निबंध वाचावे लागतात. तोपर्यंत समित्यांचे काम जेवढ्यास तेवढे ठेवावे.

प्रशासनाची सुरुवात पीएच.डी. अभ्यासक्रमाच्या समन्वयकपदापासून करणे उत्तम, कारण माणसे आणि वेळापत्रक यांची सांगड तिथे कमी जोखमीत शिकता येते. अंदाजपत्रक आपल्याला सहज उमगेल असे वित्ताच्या माणसाला वाटते, आणि नेमका तिथेच तो फसतो. देणगीदाराने विशिष्ट शिष्यवृत्तीसाठी दिलेला निधी ताळेबंदात कितीही मोठा दिसला, तरी त्यातून नव्या प्राध्यापकाचा पगार देता येत नाही. पदावर येताच कोणता पैसा मोकळा आहे आणि कोणता अटींनी बांधलेला, याची वेगळी यादी लेखा विभागाकडून करून घ्यावी. त्याचप्रमाणे कोणाकडे किती तास शिकवण्याचे काम आहे, याचा तक्ता सर्वांसमोर खुला ठेवावा. विभागातली निम्मी कुरबुर या तक्त्याच्या गुप्ततेतूनच जन्मते.

अधिष्ठातापद स्वीकारण्यापूर्वी अध्यापनातील सवलत, संशोधन-साहाय्यक आणि मुदत संपल्यावर मिळणारी संशोधन-रजा, या तिन्ही गोष्टी नेमणूकपत्रात लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासन देणारे कुलगुरू बहुधा तुमच्याआधीच पदावरून गेलेले असतात.