कॅल्शियम चॅनेलचं रेकॉर्डिंग: या चुका टाळा

गणपतीला बेंगळुरू-पुण्याहून बेळगावला आलेली पोरं लॅपटॉप घेऊन टिळकवाडीत माझ्या घरी येतात. कॅल्शियम चॅनेल म्हणजे पेशीच्या पडद्यातली कॅल्शियम आत सोडणारी दारं; पिपेट, म्हणजे बारीक काचेची नळी, पेशीला लावून व्होल्टेज द्यायचा आणि त्या दारांतून जाणारा करंट मोजायचा. आलेख वेगवेगळे, चूक तीच: सीरिज रेझिस्टन्सकडे, म्हणजे पिपेट आणि पेशी यांच्या मधल्या अडथळ्याकडे, काणाडोळा.

हिशेब तोंडी होतो. करंट २ नॅनोअँपिअर, रेझिस्टन्स १२ मेगाओहम, म्हणजे लावलेला व्होल्टेज आणि पेशीवरचा खरा व्होल्टेज यांत २४ मिलिव्होल्टचा फरक. तुम्ही लावता उणे १०, पेशी असते अधिक १४ वर. करंट आत येणारा, त्यामुळे चॅनेल उघडली की व्होल्टेज आणखी चढतो, मग आणखी चॅनेल उघडतात. कोणत्या व्होल्टेजला किती चॅनेल उघडतात याचा वक्र डावीकडे सरकतो, उभट होतो आणि दिसतोही देखणा. खानापूरची एक विद्यार्थिनी असाच वक्र घेऊन आली. "सर, फिट (गणिती रेषा) किती छान बसलंय बघा!" मी तिला प्रत्येक पेशीचा मध्यबिंदू (निम्मी चॅनेल उघडतात तो व्होल्टेज) करंटच्या आकारासमोर मांडायला लावला. मोठ्या करंटच्या पेशी सगळ्या डावीकडे! वहीत रेझिस्टन्सची नोंदच नव्हती. दोन महिन्यांच्या ३८ पेशींतून लहान करंटच्या तेवढ्या ९ उरल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही रात्री जेवण गेलं नाही.

माझी सवय: प्रत्येक पेशीआधी आणि नंतर रेझिस्टन्स पेनानं लिहायचा. १० मेगाओहमच्या वर गेला की पेशी सोडायची, सील (पिपेट आणि पेशीचा घट्ट सांधा) कितीही चांगलं असो. कॉम्पेन्सेशन (यंत्रानं केलेली या फरकाची भरपाई) ८० टक्के लावलं तरी उरलेले मिलिव्होल्ट मोजायचे. हे न करता फिटचं बटण दाबणाऱ्यांची घाई मला अजिबात पटत नाही.

बाहेर कॅल्शियम ठेवून एल-टाइप जातीच्या कॅल्शियम चॅनेलचा करंट पडताना बघायचा आणि "व्होल्टेजमुळे बंद झाला" असं लिहायचं, हेही नेहमीचंच. आत शिरलेलं कॅल्शियमच चॅनेलला चिकटलेल्या कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत त्याला बंद करतं. कॅल्शियमच्या जागी बेरियम द्या, उतार मंदावतो. त्या द्रावणात सल्फेट नको, पांढरा साका बसतो.

वळवाआधीच्या उकाड्यात लाइट जाते, एसी बंद, रिग (मोजणीची यंत्रणा) मात्र यूपीएसवर चालूच. तापमान १० अंशांनी वाढलं तर गेटिंग, म्हणजे चॅनेलची उघडझाप, दुप्पट-तिप्पट वेगानं होतं. थर्मामीटर बाथमध्ये (पेशी ठेवलेल्या द्रावणात) ठेवा, भिंतीवर नको.

टी-टाइप या दुसऱ्या जातीच्या चॅनेलचा करंट हवा असेल तर होल्डिंग (मोजणीआधी पेशी ज्यावर धरून ठेवायची तो व्होल्टेज) उणे ९० मिलिव्होल्ट ठेवा. उणे ५० वर तो आधीच झोपलेला असतो. पिपेटमध्ये एटीपी (पेशीचं इंधन) विसरलात तर रनडाउन, म्हणजे करंट हळूहळू घटत जाणं, ठरलेला. निफेडिपिन (एल-टाइप बंद करणारं औषध) उजेडात खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा. आणि टेल करंट (व्होल्टेज परत खाली आणल्यावर चॅनेल बंद होतानाचा क्षणिक करंट) मोजायचा असेल तर १ किलोहर्ट्झचा फिल्टर काढा.