कॅसची फाईल बांधण्याआधी

कॅस म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम). तिच्या फाईलसाठी सगळ्यात आधी गूगल स्कॉलरवरचं (पेपर शोधायची गूगलची साइट) स्वतःचं प्रोफाईल उघडा आणि त्यात शिरलेले दुसऱ्यांचे पेपर काढून टाका. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे या आडनावांची काय कमी? त्यात आपण नाव लिहिणार आद्याक्षरांनी. मी सातपुड्यातल्या पक्ष्यांवर काम करणारा माणूस, पण माझ्या नावावर दोन वर्षं पॉलिमरवरचे तीन पेपर पडून होते. सायटेशन्सही (इतरांच्या पेपरांत आलेले दाखले) त्यांचीच घसघशीत. आकडा छान दिसत होता म्हणून मी बघून न बघितल्यासारखं केलं, खोटं कशाला बोलू. मुलाखतीत समितीतल्या एकांनी यादी खाली सरकवत विचारलं, "काय भो, केमिस्ट्रीबी करता का?" पुढची दहा मिनिटं घाम पुसण्यात गेली, आणि महिना डिसेंबरचा होता.

म्हणून ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. सोळा अंकी आहे, फुकट आहे. चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं, लग्नानंतर आडनाव बदलतं; या आयडीमुळे सगळे पेपर एका माणसाला चिकटतात. विद्यापीठाचं नावही तपासा. २०१८ पर्यंत आपण नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' लिहायचो, नंतर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं. त्यामुळे स्कोपसवर (पेपर आणि सायटेशन्सची नोंद ठेवणारा डेटाबेस) एकाच लेखकाची दोन प्रोफाईलं झालेली सापडू शकतात. ती एकत्र करण्याची विनंती आजच टाका, आदल्या रात्री नको.

मग आकडे. एच-इंडेक्स हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला, पण तो हाताने काढता आला पाहिजे. एच-इंडेक्स ५ म्हणजे किमान पाच-पाच सायटेशन्स मिळालेले पाच पेपर. सायटेशन्स उतरत्या क्रमाने मांडा: २४, ११, ९, ६, ५, ३, ०. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणजे एच-इंडेक्स ५. दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर दोनच, म्हणून आय-टेन २. आकडा कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे शेजारी लिहा. स्कॉलर प्रबंधसुद्धा मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. दोन्हींची खिचडी करू नका. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स किती, तेही मोजून ठेवा. विचारतात.

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) जर्नलचा असतो, तुमचा नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत तो थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा आहे (ती यादी आता क्लॅरिव्हेट काढते). जर्नलच्या मुखपृष्ठावर भडक अक्षरांत छापलेला भलताच आकडा चालत नाही. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. त्याहून जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. गाईडशी आधी बोलून घ्या. केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, पण पेपर छापला तेव्हा जर्नल यादीत होतं याचा पुरावा जवळ असू द्या. नवखेपणी मी पैसे भरून एका जर्नलात पेपर छापला होता. आज त्याची वेबसाइटच नाही, आणि माझ्याकडे उरली आहे फक्त पैशांची पावती. तेव्हा प्रत्येक पेपरचं पीडीएफ, अनुक्रमणिकेचं पान, आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक) आणि डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आपल्या पेनड्राइव्हवर ठेवा.

रानपिंगळ्यावर (आपल्याकडचं दुर्मिळ घुबड) काम असेल तर शोधताना हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी आणि अथेने ब्लेविटी ही त्याची दोन्ही शास्त्रीय नावं टाका, नाहीतर निम्मी सायटेशन्स हाती लागणार नाहीत. १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, तोवर मधली कित्येक वर्षं माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाच्या १९१४ च्या नमुन्याचा दाखला दिला जात होता. तो नमुना खोटा निघाला: डेव्हिडसन या दुसऱ्या संग्राहकाने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला पक्षी, नवं लेबल लावून खपवलेला. तुम्हाला कोणी सायट केलं आहे ते पेपर खरोखर उघडून वाचा म्हणतो, ते याचसाठी. माझ्या एका पेपरचं सायटेशन 'ही पद्धत अपुरी आहे' या वाक्यात निघालं. मोजणीत तेही एकच धरतात.

वन खात्याला दिलेल्या नोंदी, यावल अभयारण्यातल्या गणना, मराठी लेख यांना सायटेशन मिळत नाही. त्यांचं वेगळं पान करा, पेपरच्या यादीत घुसडू नका.

जाता जाता, त्या पॉलिमरवाल्या पाटलांचं प्रोफाईल मी नंतर उघडून पाहिलं. त्यात हतनूर धरणावरच्या बदकांवरचा माझा पेपर होता, चार सायटेशन्ससकट. त्यांना मेल टाकला आहे.