मिक्स्ड मीडियात गोष्ट कशी सांगायची

मिक्स्ड मीडियात कागद, कापड, फोटो, रंग असं सगळं एकावर एक चिकटवलं की चित्र छान दिसतं, पण बरेचदा ते काही सांगतच नाही. मला वाटतं की गोष्ट रंगात नसते, वस्तूत असते. १९५५ साली रॉबर्ट राउशनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने उशी आणि गोधडीवरच रंग ओतून ते भिंतीवर उभं लावलं, नाव ठेवलं 'बेड'. रोज अंगावर घ्यायची गोष्ट डोळ्यासमोर उभी टांगलेली बघून माणूस आपोआप विचारात पडतोच ना!

तर पहिलं काम, गोष्ट एका वाक्यात लिहा. "आजीची आठवण" हे वाक्य नाही, तो विषय झाला. "आजी गेल्यावर तिचं शिलाई मशीन कोणी उघडलंच नाही" ही गोष्ट.

मग प्रतीक शोधा, आणि इथे घाई करू नका. फुलपाखरू, हृदय, पिंजरा वगैरे तयार प्रतीकं सगळ्यांना लगेच कळतात, म्हणूनच त्यात तुमचं काही उरत नाही. त्यापेक्षा अर्धवट राहिलेली टीप, सुईत ओवलेला आणि तसाच लोंबत सोडलेला दोरा घ्या, मशीन दाखवायची गरजच नाही. एकच वस्तू दोन-तीन ठिकाणी येऊ द्या, एकदा खरा दोरा, एकदा पेन्सिलची रेघ, एकदा नुसती सुईची भोकं, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्यामागे जाते.

बेससाठी ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागद किंवा बोर्ड घ्या, पातळ कागद गोंदाने फुगतो. वर जेसोचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी लावायच्या पांढऱ्या लेपाचा, एक हात.

आता थर. सगळ्यात जुनी गोष्ट सगळ्यात खाली, वरच्या थराने ती अर्धी झाका, आणि वाळल्यावर सँडपेपरने थोडं घासून खालचं डोकावू द्या. मूळ फोटो कधीच चिकटवू नका, लेझर प्रिंट काढा (इंकजेटची शाई ओली झाली की बहुधा पसरते). प्रिंटच्या छापील बाजूवर जेल मेडियम (गोंदासारखं घट्ट, पारदर्शक अॅक्रिलिक) लावून ती पालथी चिकटवा, रात्रभर वाळू द्या, मग ओल्या बोटाने कागद हळूहळू चोळून काढा. चित्र उलटं येतं, त्यामुळे अक्षरं असतील तर आधीच मिरर करून घ्या. कुठे कुठे शाई निघून जाते, ते दुरुस्त करू नका, विसरत चाललेला चेहरा असाच दिसतो.

वर्तमानपत्राचा कागद लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळा पडतो, जुनेपणा हवा असेल तर चालेल, नाहीतर त्याची पण चांगल्या कागदावर कॉपी. आणि ऑइल पेंटवर अॅक्रिलिक लावू नका, नीट धरत नाही, उलट क्रम चालतो.

शेवटी एक कोपरा रिकामा ठेवा आणि चित्राचं नाव न सांगता कोणाला तरी दाखवून विचारा, "इथे काय झालं असेल?" उत्तर तुमच्या वाक्यासारखं हुबेहूब नको, पण कोणीतरी काहीतरी अर्धं सोडून गेलंय एवढं त्यांना जाणवायला हवं. नसेल जाणवत तर नवीन काही चिकटवू नका, आहे त्यातलं एक काढून बघा.