सोलापूरच्या उन्हातला गुलाब: कोजागरीला छाटणी, वैशाखात विश्रांती

सोलापुरात गुलाब टिकत नाही, असं आमच्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. टिकतो, आणि चांगला फुलतो. फक्त त्याचं वर्ष इथल्या हवेप्रमाणे धरायला हवं. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, ऊन मार्चपासूनच चटके देणारं, आणि मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात. म्हणून माझा हिशेब असा: कोजागरीच्या सुमारास छाटणी, डिसेंबर-जानेवारीत फुलं आणि उन्हाळ्यात झाड नुसतं जगवायचं. माझं बालपण सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या मळ्यात गेलं. बहार धरायचा तर आधी झाडाला विसावा द्यावा लागतो, हे तिथे रोज दिसायचं. गुलाबालाही तोच न्याय लागू पडतो.

रोप घ्यायला पावसाळा सरत आल्यावर जा. फूल बघून रोप निवडू नका, खोड बघा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागेपासून निदान दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या असाव्यात. ग्लॅडिएटर आपल्या हवेत धट्टाकट्टा राहतो, नवख्यांनी त्यापासूनच सुरुवात करावी. डबल डिलाइटला वास सुंदर, पण त्याच्या पाकळ्यांची लाल कड उन्हामुळे चढते. सावलीत ठेवलात तर फूल फिकटच राहतं. झुपक्याने पांढरी फुलं हवी असतील तर आइसबर्ग. आणि देवपूजेला, गुलकंदाला आपला गावठी गुलाबच. त्याला कलमाचीही गरज नाही, पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी लावली तरी फुटते.

पिशवी फाडली की आत बहुतेक वेळा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा निघतो. तो तसाच कुंडीत बसवला तर वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आत मुळं कोरडीच राहतात. वर माती ओली दिसते, झाड मात्र सुकत जातं. गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, मग बोटांनी बाहेरची माती हलकेच मोकळी करा. मुळं दिसू लागली की थांबा, सगळी धुऊन काढायची नाहीत.

जमिनीत लावणार असाल तर आपली काळी माती हा मोठा प्रश्न. पावसात ती पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळून मुळं तोडते. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, तळाला मुरमाचा थर द्या आणि निघालेल्या काळ्या मातीपैकी निम्मीच परत वापरा. बाकी तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडी असेल तर बारा इंचांपेक्षा लहान नको. कलमाचा सांधा मातीच्या वर दोन बोटं राहिला पाहिजे.

आता छाटणी, म्हणजे सगळ्या वर्षाचा पाया. परतीचा पाऊस थांबल्याची खात्री झाली की कात्री हातात घ्यायची. पाऊस लांबला तर आठवडाभर थांबा. जमिनीतल्या झाडाचं पाणी आधी पाच-सहा दिवस तोडा, कुंडीतल्याला असा ताण देऊ नका. काही जण मुळं उघडी करून उन्हात ठेवतात. मला ते पटत नाही, आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये झाडाचे हाल होतात.

आधी वाळलेल्या, मग एकमेकींना घासणाऱ्या आणि मग पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा. उरलेल्या जाड फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आणायच्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. काप घेतला की फांदीचा गाभा नीट बघा. पांढरा, ओलसर असेल तर झालं. तपकिरी दिसला तर रोग आत उतरलाय. आणखी खाली कापा, पुन्हा बघा, पांढरा गाभा लागेपर्यंत खाली जात राहा. मग कात्री स्पिरिटने पुसा आणि पुढच्या झाडाला हात लावा. कापांवर बोर्डो पेस्ट लावायची: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडाचं भांडं नको. डाळिंबवाल्यांच्या घरी हे मिश्रण नेहमीचंच.

शेजारच्या अक्का एकदा मला अडवायलाच आल्या. "एवढी हिरवीगार फांदी का ओढून काढताय हो?"

"अक्का, ही खुंटाची, म्हणजे ज्या रानटी झाडावर कलम बांधलंय त्याची आहे. कलमाच्या खालून आलीय बघा, ह्याला आपलं फूल यायचं नाही."

खुंटाची फांदी पानं मोजून ओळखावी, असं काही जण सांगतात. तसं मोजत बसू नका, फांदी कुठून फुटलीय ते माती सरकवून पाहा. सांध्याच्या खालून आली असेल तर ती मुळापाशी धरून ओढून काढा. कात्रीने कापली तर तिथूनच पुन्हा फुटते, आणि वेळेवर काढली नाही तर कलम मरून रानटी खुंट तेवढा उरतो.

छाटणीनंतर दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. कोवळी पानं उलगडली की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, तेही माती ओली असताना. छाटणीपासून साधारण दीड-दोन महिन्यांत पहिला बहर येतो. फूल उतरवताना पाच पर्णिकांच्या पानाच्या वर काप घ्या, तर पुढची फूट जोमाची येते आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत झाडं पुन्हा भरतात.

पानं पिवळी पडण्याची तक्रार सोलापुरात घरोघरी. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी, नाहीतर पाणी जास्त. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. आपल्या मातीत चुनखडी आहे. लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि मातीत टाकलेलं हिराकसही (लोहाचं साधं खत) थोड्याच दिवसांत तिथे अडकून पडतं. म्हणून चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला 1 ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. याच कारणाने अंड्याची टरफलं आणि चुलीची राख गुलाबाला घालू नका; दोन्हींमुळे माती आणखी चुनखडीकडे झुकते. हाडांचं खतही अशा मातीत विरघळत नाही, पैसे वाया जातात.

पाण्याचंही तसंच. नळ रोज येत नाही, मग बोअरचं पाणी घालावं लागतं आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. तो क्षार. वरची इंचभर माती खरवडून बदला, आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला न ठेवता खुशाल भिजू द्या, खालून पाणी वाहिलं की क्षार धुऊन जातात. एसीचं पाणी बादलीत साठवलंत तर तेही चालतं, त्यात क्षार नसतात.

होळी झाली की झाडाकडून काही मागू नका. खत बंद, छाटणी बंद, एप्रिल-मेमध्ये आलेल्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. गच्चीवरच्या कुंड्या विटांवर चढवा, स्लॅबची धग थेट मुळांना लागते. दुपारच्या उन्हाला 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. मातीवर आच्छादन हवंच. उसाचं पाचट मिळालं तर ठीक, पण शेंगांच्या चटणीच्या गावात शेंगांच्या टरफलांना काय तोटा? दोन इंचांचा थर पसरा, मात्र खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी खोडाला लागते. पाणी सकाळी सातच्या आत, भरपूर. भर दुपारी पानं मान टाकतात, ते बघून घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ताठ झाली तर झाड ठीक आहे.

किडींमध्ये आपल्याकडे त्रास दोनच जास्त. कोरड्या उन्हात फुलकिडे येतात, कळीच्या कडा तपकिरी होऊन ती उमलतच नाही. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून फेका आणि निळे चिकट सापळे टांगा. पानाच्या मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पाइपने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांआड. थंडीत भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा रोग) आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण तापलेल्या दिवसांत ते मारलंत तर पानं करपतात. माव्याला (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारे बारीक किडे) निंबोळी अर्क पुरतो: 50 ग्रॅम सुकलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली सडा पडलेल्या असतात, तेव्हाच वेचून सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.